शॉकअपमधलं करडईचं तेल

प्रिय अन्वय आणि मैथिली,

मागच्या रविवारी फोनवर अन्वयने मला त्याची उघडून ठेवलेली डोंगरातली सायकल दाखवली. पुढचं चाक काढलेलं, ते चाक ज्यात बसतं त्या चिमट्याचे चकचकीत पाय टेबलावर जुन्या टॉवेलवर आडवे ठेवलेले, आणि शेजारी तेलाच्या दोन बाटल्या. दोन्हींवर वेगवेगळे आकडे. "आजी, तुमच्या घरी तेलाचा धंदा होता ना? मग सांग, यातलं कुठलं घालू?" असं, अन्वय, तू चेष्टेनं विचारलंस आणि तुझी आई मागून हसली. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर माझं कशातच मन लागेना. हाच प्रश्न श्रीरामपूरजवळच्या आमच्या बेलापूरच्या घरात एकदा अगदी खराखुरा विचारला गेला होता, आणि त्याच्या उत्तरावर एका माणसाची नजर अवलंबून होती. ज्यांनी तो विचारला त्यांच्यापैकी आता मी एकटीच आहे. तुम्हाला माहीत आहे, मी माझी कपाटं, औषधं, बँकेची कागदपत्रं सगळी लावून ठेवलेली आहेत. कोणालाही काही शोधावं लागणार नाही. एवढी एक गोष्ट तेवढी जागच्या जागी ठेवायची राहिली होती. मैथिली म्हणते की ती माझं मराठी हळूहळू पण मोठ्यानं वाचते, म्हणून मराठीतच लिहिते. अडलं तर आईला विचारा. तिलाही यातलं फारसं माहीत नाही.

आमचं घर म्हणजे रस्त्याकडे दुकान, दुकानामागे घाणी आणि घाणीमागे आम्ही. बैलाचा घाणा माझ्या जन्माआधीच गेला होता, विजेवर चालणारी घाणी आली होती. तिचा आवाज सकाळी सुरू व्हायचा आणि दिवे लागेपर्यंत चालायचा: एक जाड, एकसारखी घरघर आणि तिच्यावर लाकडाची बारीक कुरकुर. आम्हाला तो आवाज ऐकू येत नसे; तो थांबला की ऐकू यायचा. शाळेतून आल्यावर आई हातावर शेंगदाण्याच्या गरम पेंडीचा तुकडा आणि गुळाचा खडा ठेवायची. जेवणात भाकरी चुरून तिच्यावर तिखट, मीठ, बारीक चिरलेला कांदा आणि वरून करडईचं कच्चं तेल. रविवारी हुलग्याची शेंगोळी, लसणाच्या रश्शात, आणि तिच्यावरही तेलाचा लाल तवंग. तुम्ही लोक सॅलडवर तेल घालता तेव्हा किती जपून घालता! आमच्याकडे तेल घालताना कोणी भांड्याकडे बघतसुद्धा नसे.

घरात सगळ्यांत मोठी जिजी, म्हणजे माझ्या वडिलांची आई. आम्ही सगळे तिला जिजीच म्हणायचो, गावही म्हणायचं. कशाला कुठलं तेल हे तिला विचारायचं. बाळाच्या टाळूला तिळाचं, खाण्याला करडईचं, तळणाला शेंगदाण्याचं, पोटाला आणि गाडीच्या आसाला एरंडेल. दार कुरकुरलं, कान दुखला, बैलाची शिंगं तडकली, सुनेचे केस गळले, सगळ्यांची उत्तरं आमच्याच पिंपांत होती. आणि घरात एक रीत होती. बाहेरचं तेल उंबऱ्याच्या आत येत नसे. विकत आणलेलंच काय, कोणी भेट दिलेलंही नाही. माझ्या आईला तिच्या भावानं लग्नानंतर वासाच्या तेलाची एक बाटली पाठवली होती. ती ओट्यावरच्या कोनाड्यात राहिली आणि तिथेच संपली. आई केसांना लावायची ती ओट्यावर उभी राहून, रस्त्याकडे पाठ करून. रॉकेल चालायचं, कारण जिजीच्या मते ते तेल नव्हतं. "वास घे की त्याचा. त्याला तेल म्हनायचं व्हय?"

या घरात एके दिवशी तात्या एक फटफटी घेऊन आले. तात्या म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. ते नगरला लष्करात ड्रायव्हर होते. (आता पाट्यांवर अहिल्यानगर लिहितात; माझ्या तोंडी अजून नगरच येतं.) तिथे जुन्या गाड्यांचे लिलाव होत, आणि नोकरी संपवून घरी येताना तात्यांनी त्या लिलावात साइडकार जोडलेली एक मोटरसायकल घेतली. हिरव्या रंगाची, जड, चालू झाली की कोंबड्या छपरावर जात. वडिलांना, म्हणजे दादांना, ती बघताच आवडली. श्रीरामपूरच्या दुकानांत तेलाचे डबे पोचवायला टांगा लागायचा, तो वाचणार होता. डब्यांच्या मध्ये दप्तर घेऊन मी बसायचे, कारण माझं हायस्कूल श्रीरामपूरला होतं. वर्गातल्या मुली म्हणायच्या की माझ्या इंग्रजीच्या वहीलाही तेलाचा वास येतो. येतच असणार.

गाडीत एक खोट होती. पुढचे शॉकअप गेलेले होते. चाक खड्ड्यातून बाहेर आलं तरी गाडीचं नाक बराच वेळ डुलत राहायचं आणि नाक डुललं की साइडकारमधले डबे आपटायचे. तात्यांनी मागच्या फाटकातून गाडी अंगणात घेतली, विटांवर चढवली आणि आम्हाला समजावून सांगितलं. "हे बघ, ह्या नळीत स्प्रिंग हाय. ती हादरा घेती. पन नुसती स्प्रिंग म्हंजी येडी. उड्याच मारत बसंल. म्हनून तेल. पिचकारीचं भोक बारीक आसलं की दट्ट्या कसा दमानं जातो? तसं तेल बारक्या भोकातनं जातं आन स्प्रिंगला आवरतं. तेल पातळ झालं तर आवरत न्हाई. दाट झालं तर चाक हलूच देत न्हाई, मग खड्डा सरळ हाडात."

"मंग कुठलं घालायचं?" दादांनी विचारलं.

तात्यांना ते ठाऊक नव्हतं. ते गाडी चालवणारे, दुरुस्त करणारे नव्हेत. गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. ते माझ्या हातात आलं आणि मी फार ऐटीत ते उघडलं, पण तेलाच्या जागी नुसता लष्कराचा एक आकडा होता. तो आकडा श्रीरामपुरात कोणालाच कळला नाही. इंजिनाचं तेल घालून बघू, असं तात्यांनी सुचवलं. ते पेट्रोल पंपावरच गाडीत पडायचं, त्यामुळे घरच्या रितीच्या आड येत नसे. पण दादांनी मान हलवली. "पुढच्या चिमट्याला दुकानाच्या दारात तेल घालायचं आन ते लोकांचं? घरात पिंपं भरलेली आसताना?" त्यांनी सगळ्या पिंपांत बोट घालून पाहिलं आणि करडईच्या पिंपापाशी थांबले. "जगात ह्याच्यापरीस हलकं तेल न्हाई. जिभंवर ठिवलं तर कळत न्हाई. शॉकअपला कळंल का?"

गाडीची परीक्षा आमच्या घरच्याच पद्धतीनं झाली. आमच्याकडे नवा हमाल किंवा गाडीवान ठेवायचा तर त्याला काठोकाठ भरलेला डबा न्यायला सांगत आणि वाटेत किती सांडलं ते बघत. तसं पितळेचं मोठं पातेलं पाण्यानं अगदी काठापर्यंत भरलं, साइडकारमध्ये चुंबळीवर ठेवलं, आणि दादा नाक्यापर्यंत जाऊन परत आले. आधी, रिकाम्या शॉकअपनं, निम्मं पाणी सांडलं होतं. करडईचं तेल घातल्यावर चार बोटंही कमी झालं नाही. दादांनी पातेलं उचलून जिजीपुढे आणलं. जिजीनं पाण्यात हात घालून काठ चाचपला आणि म्हणाली, "आपलं तेल हाय ते. सांडंल कसं?" त्या उन्हाळ्यात गाडी खरोखर पाण्यावरून गेल्यासारखी जायची, आणि दादा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगायचे.

अन्वय, तुला इथे थांबवून उत्तर देऊन टाकते, नाहीतर तू पानं उलटत बसशील. आकडा लहान तेवढं तेल पातळ, मोठा तेवढं दाट. तुझ्या कंपनीच्या पुस्तकात जो दिला असेल तोच घाल, दोन बाटल्यांच्या मधला स्वतःच्या मनानं करू नकोस. आणि तू सांगितलंस की तुझ्या चिमट्याच्या एका पायात हवा भरलेली असते आणि आवरणारं तेल दुसऱ्यातच असतं, म्हणजे दोन पायांत दोन निरनिराळ्या गोष्टी. मला आधी ती लबाडी वाटली. आमच्या गाडीच्या दोन्ही पायांत स्प्रिंगही होती आणि तेलही, आणि दोन्हींत ते सारखं असावं लागे.

जिजीनं पाण्यात हात घालून काठ चाचपला, असं मी वर लिहिलं. ती चाचपत होती, बघत नव्हती, हे त्या दिवशी आमच्या कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिचा उजवा डोळा माझ्या जन्माआधीच गेला होता. त्या काळी मोतीबिंदू काढून देणारे फिरते लोक गावोगाव यायचे. ते सुईनं डोळ्यातला पडदा खाली ढकलत. त्यानंतर तिला चार दिवस लख्ख दिसलं, मग डोळा सुजला आणि कायमचा मिटला. तेव्हापासून डोळा आणि सुई हे शब्द तिच्यासमोर कोणी एकत्र उच्चारत नसे. डावा डोळा झाकोळत चालला हे तिनं वर्षभर लपवलं. माणसं आवाजावरून, तेलं वासावरून, पोरं पावलांवरून ओळखायची. तिचं बिंग फुटलं ते घाणीनं. घाणीत टाकण्याआधी करडई निवडायचं काम तिचं होतं, आणि एके दुपारी घाणीत खडा गेला. लोखंडात खडा चिरडल्याचा आवाज फार वाईट असतो. दादांनी घाणी बंद केली. घरात एकदम शांत झालं. त्या शांततेत जिजी सूप मांडीवर घेऊन बसलेली होती, आणि तिच्या सुपात आम्हाला सगळ्यांना लांबूनसुद्धा खडे दिसत होते.

श्रीरामपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, थंडी पडली की शस्त्रक्रिया करू. जिजी ऐकेना. आई, तात्या, दादा, सगळे बोलून थकले. शेवटी तिनं एका अटीवर मान हलवली. तिथल्या खाटेवर आठवड्यापेक्षा जास्त राहणार नाही, आणि परत येईन ती आपल्याच गाडीतून. टांगा नको, यष्टी नको. गावात एका बागायतदाराची मोटार होती, ती मागून आणतो असं दादा म्हणाले तर म्हणाली, "लोकांच्या मोटारीतनं मला मेल्यावर न्या. जितीजागती मी माझ्या लेकाच्या गाडीतनं येनार. तिच्यात आपलं तेल हाय." डॉक्टरांना ही अट सांगितली. मग त्यांनी दादांना बाजूला घेतलं. मी जवळच होते. "टाके कोवळे आहेत तोवर तिला खोकला नको, वाकणं नको आणि हादरा तर अजिबात नको. हादऱ्यानं आत रक्त उतरलं तर मग माझ्या हातात काही नाही. दुसरा डोळा नाही, हे लक्षात ठेवा." दादा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमची गाडी पान्यावरनं चालती."

शस्त्रक्रिया नीट झाली. आई जिजीजवळ राहिली, आणि घरी स्वयंपाक माझ्याकडे आला, म्हणजे रोज पिठलं. जिजीला आणायच्या आदल्या दिवशी दुपारी दादांनी गाडी पुसली, साइडकारमध्ये दोन उशा लावल्या आणि मग काय वाटलं कोण जाणे, पातेलं भरून चुंबळीवर ठेवलं. "उगं आपलं एक डाव बघून येतो." परत आले तेव्हा उशा चिंब भिजल्या होत्या आणि पातेल्यात निम्म्याहून कमी पाणी होतं. आमच्या लक्षात कसं आलं नाही? रोज गाडी जात-येत होती, रोज ती थोडी थोडी ताठ होत गेली होती. उसाचं गाळप सुरू झालं होतं, बैलगाड्यांनी रस्त्याला चाकोऱ्या पाडल्या होत्या, आणि दर थंडीत रस्ता असाच होतो म्हणून आम्ही रस्त्याला बोल लावत होतो.

तात्यांनी शॉकअपच्या खालचा स्क्रू काढला. काहीच पडलं नाही. त्यांनी तार घालून ढोसलं, तेव्हा काकवीसारखी एक जाड तार लोंबली आणि तशीच लोंबत राहिली. दादांनी ती बोटावर घेतली, दोन बोटांत चोळली, बोटं चिकटली. त्यांनी वास घेतला. मलाही तो वास आला, आणि मला आठवलं की असा वास गोठ्यातल्या जुन्या चामड्याच्या मोटेला येतो.

"रोगन झालं," दादा म्हणाले. ते तसेच उकिडवे बसले. "आपला आज्जा हेच करडईचं तेल कढवून रोगन करायचा. मोटंला लावायचा. वाळलं की पानी आत जात नसायचं. मला बारक्यापनी ढवळाय बसवायचा. आन मीच ते लोखंडात वतलं."

मला वाटलं तात्या आता काहीतरी बोलतील. इंजिनाच्या तेलाचं त्यांनीच तर सुचवलं होतं. पण ते भावाच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "दादा, उन्हाळाभर चाललं का न्हाई झकास? तेवढंच त्याचं आयुष्य. ऊठ. रॉकेल आन, धुवून काढू."

दोन्ही शॉकअप रॉकेलनं धुतले, पुन्हा धुतले, फडक्यांनी कोरडे केले. मग तात्या पंपावर जाऊन इंजिनाचं तेल मागच्या फाटकातून अंगणात घेऊन आले. ते भरून पातेलं फिरवून आणलं. थंडीनं तेल आणखी घट्ट झालेलं. चाक खड्ड्यात उतरायलाच तयार नव्हतं, वरून आदळत जायचं. पातेलं पुन्हा निम्मं. उन्हं कलायला लागली होती. दादा ओट्यावर बसून मोठ्यानं विचार करत होते. पातळ हवं, पण वाळणारं नको. तीळ? तेही चिकट होतं. शेंगदाणा थंडीत गोठतो. एरंडेल तर विचारायलाच नको. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच सगळी पिंपं मनातल्या मनात उघडली आणि सगळी बंद केली, असं त्यांचा चेहरा सांगत होता.

आणि तेव्हा मला आईचं शिवणयंत्र आठवलं. ते सदा अडकायचं. आई त्याला घरचं तेल घालायची, दुसरं घालणार तरी कुठून? चार दिवस चालायचं आणि मग सुई वर जायची ती खाली येत नसे. मग ते शिंप्याकडे जायचं, शिंपी ते धुऊन त्याचं पांढरं तेल घालून द्यायचा, आणि महिना-दोन महिने यंत्र कसं हसत चालायचं. यंत्राला आमचा हात सोसत नाही, असं आई म्हणायची. मी दादांना एवढंच म्हटलं, "आईची मिशन बाबूराव शिंप्याकडनं आली की अडकत नाही."

दादांनी माझ्याकडे बघितलं. तात्यांनी दादांकडे बघितलं.

"त्येचं तेल वाळत न्हाई," तात्या हळूच म्हणाले. "आन पातळ हाय पान्यावानी."

दादा उठून घरात गेले आणि औषधाची रिकामी बाटली घेऊन आले. त्या वेळी दवाखान्यात लाल मिक्श्चर मिळायचं आणि बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली असायची, तसली बाटली. ती माझ्या हातात देऊन म्हणाले, "जा. माग त्येच्याकडं."

मी शिंपी आळीत गेले. बाबूराव मशीनवर वाकलेले होते. मी बाटली पुढे केली आणि तेल मागितलं, तेव्हा त्यांनी पाय थांबवला, चष्मा कपाळावर नेला आणि शेजारच्या दुकानाकडे बघून ओरडले, "अरं ऐकलं का? तेलवाल्यांच्या घरचं तेल सपलं!" समोरच्या दुकानातून आवाज आला, "आता आपन घाणा टाकू!" हशा झाला. मला रडू येणार असं वाटलं. मी म्हटलं, "जिजीला उद्या दवाखान्यातनं आणायचंय. डोळ्याला हादरा लागता कामा नये. गाडीच्या शॉकअपमध्ये घालायचंय."

हसणं थांबलं. बाबूरावांनी त्यांची बाटली माझ्या बाटलीत पूर्ण उपडी केली, हलवून शेवटचा थेंब काढला. मग स्वतः उठून समोर गेले. "ए, दे रं तुजंही. जिजीच्या तेलानं तुजा कान फुटायचा राह्यला हुता, इसरला काय?" मी घरी निघाले तेव्हा बाटली भरलेली होती आणि पदराखाली झाकायला माझ्याकडे पदरही नव्हता, मी फ्रॉकमध्ये होते. सगळ्या रस्त्यानं ती उघडी हातात धरून चालत आले.

दादा दारातच उभे होते. अंगणात मागच्या फाटकातूनही जाता आलं असतं, पण माझी रोजची वाट दुकानातून, घरातूनच होती. मी सवयीनं ओट्यावर थांबले. दादांनी माझ्या हातातली बाटली घेतली. "आत ये," ते म्हणाले, "उंबऱ्यात काय थांबलीस?" आणि तीच बाटली घेऊन माझ्या पुढे घरात गेले. पिंपांच्या ओळीसमोरून जाताना ते थांबले नाहीत.

आधी नुसतं शिवणयंत्राचं तेल घालून पाहिलं. फार पातळ, गाडीचं नाक पुन्हा डुलायला लागलं. मग अर्धं ते आणि अर्धं इंजिनाचं, परातीत एकत्र केलं. मापायचं काम माझं. बाटली डोळ्यांसमोर धरून कागदी पट्टीच्या खुणेपर्यंत भरायची, तात्यांच्या नरसाळ्यात ओतायची, मग तितकीच दुसऱ्या पायात. "सारखं हाय ना?" दादा प्रत्येक वेळी विचारायचे आणि मी म्हणायचे, "सारखं आहे." पुढे आयुष्यभर मी मुलींना इंग्रजी शिकवलं, पण इतकं मन लावून मी दुसरं काही केलं असेल असं मला वाटत नाही. शेवटची फेरी झाली तेव्हा दिवस मावळत होता. दादांनी पातेलं उतरवलं. चुंबळ एका बाजूनं जरा ओली होती, बाकी कोरडी. तात्यांनी पातेल्यातलं पाणी तुळशीला घातलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आम्ही जिजीला आणलं. डोळ्यावर पट्टी, डोक्याभोवती आईची शाल. ती साइडकारमध्ये उशांना टेकून बसली आणि मी मागच्या सीटवर वाकून दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं. आई मागून टांग्यात. दादा गाडी पायी चालल्यासारखी हाकत होते आणि तात्या पुढे सायकलवरून उसाच्या गाड्यांना बाजूला घेत होते. "सरका, म्हातारी हाय, डोळा हाय," असं काहीतरी ते ओरडत होते. गावाच्या अलीकडे एका ठिकाणी दोन्ही बाजूंनी ऊस भरलेल्या गाड्या उभ्या होत्या आणि मधल्या चाकोरीतून जाण्यावाचून इलाज नव्हता. दादांचे खांदे वर गेले. मी डोळे मिटून घेतले, जणू ते माझेच डोळे होते. गाडीचं नाक खाली गेलं, हळूच वर आलं, आणि तिथेच राहिलं. माझ्या हातातलं डोकं जराही हललं नाही.

"थांबलास का रं?" जिजीनं विचारलं.

"न्हाई जिजी," दादा म्हणाले. "चाललोय."

"मंग बरं हाय." थोड्या वेळानं ती म्हणाली, "वास येगळा येतोय गाडीला."

दादा म्हणाले, "शिंप्याचं तेल हाय जिजी त्यात. आपलं चालंना. म्या बदललं."

मला वाटलं ती आता गाडी थांबवायला लावेल. तिच्यासाठी ती साधी गोष्ट नव्हती. तिच्या सासूनं तिला पहिल्या दिवशी शिकवलेली रीत होती ती. पण तिनं साइडकारच्या कडेवरून हात बाहेर काढून अंदाजानं दादांचा गुडघा शोधला. "हालू नगं म्हनाली तुझी डॉक्टरीन बाई," ती म्हणाली. "न्हाईतर तुला सोडला नसता." डॉक्टर पुरुष होते, पण नर्सबाईलाच ती डॉक्टर समजत होती.

टाके निघाले, पट्टी निघाली, आणि दीडेक महिन्यानं चष्मा आला. तो घालून ती प्रथम अंगणात आली. आम्ही सगळे तिच्यासमोर ओळीनं उभे होतो, ती कोणाकडे बघते याची वाट पाहत. तिनं आम्हाला ओलांडून साइडकारकडे बघितलं. गाडी घरात आली तेव्हा तिचा डोळा जवळजवळ गेलेलाच होता. तिनं ती कधी पाहिली नव्हती, फक्त ऐकली होती आणि तिचा वास घेतला होता.

"ह्या टोपल्यात घालून आनलं व्हय रं मला?" ती म्हणाली. "आन हिरवी हाय ही? मला वाटायचं तांबडी आसंल." ती तिच्याभोवती एक फेरी मारून आली. "आदी दिसली आसती तर बसलेच नसते."

दादा इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. पुढे पुष्कळ वर्षं तिनं करडई निवडली आणि घाणीत खडा गेला नाही. त्या घराचं आता काही शिल्लक नाही. घाणी विकली गेली, साइडकार भंगारात गेली, त्या जागी मोबाईलचं दुकान आहे. जिजीचा चष्मा तेवढा माझ्याकडे आहे. डाव्या बाजूला जाड भिंग आहे, उजव्या बाजूला काळी काच आहे, आणि भिंगाच्या कडेला एक बारीक टवका उडालेला आहे.